ताई, बीटाचा आकडा उतरलाय आणि किटवरची लाईन पण फिकट आली, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापुरातल्याच एका वाचक मुलीचं आहे, वय २९, मंगळवार पेठेत सासू-सासऱ्यांबरोबर राहते, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. मागच्या वर्षी पहिल्या खेपेला सहाव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं, तेव्हा बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेल्यावर रक्तात वाढणाऱ्या हार्मोनचा, आकडा वाढायचा तसा वाढला नव्हता. आता परत दिवस गेलेत, अकरावा आठवडा चालू आहे. सातव्या आणि नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ठोके चांगले दिसले, डॉक्टर मॅडम म्हणाल्या सगळं ठीक आहे, काळजी करू नको. पण तिला राहवत नाही. दर आठवड्याला मेडिकलमधून किट आणून घरात टेस्ट करते, आणि मॅडमनी लिहून दिलेलं नसताना दोनदा स्वतःच लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. नवव्या आठवड्यात राजारामपुरीतल्या लॅबचा आकडा आला १,३२,०००, अकराव्यात शाहूपुरीतल्या दुसऱ्या लॅबचा आला ८४,०००. त्यात परवा सकाळी किटवरची दुसरी लाईन एकदम फिकट आली. गेल्या आठवड्यापासून मळमळ पण कमी झाली. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. सासूबाईंना मात्र हातावरचा कापूस दिसला, त्या म्हणाल्या सारखं सारखं रक्त काढलं की लेकराच्या अंगाला लागतं. ती विचारते, परत बीटा करू का, पुण्याच्या डॉक्टरांना दाखवू का, आणि हे घरात सांगू तरी कसं.

बाळ, तुझं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेले फोटो पण बघितले. न्हाणीघराच्या खिडकीत ओळीनं ठेवलेल्या त्या किट, प्रत्येकीवर पेनानं घातलेली तारीख, आणि शेवटच्या किटवर तू काढलेलं ते प्रश्नचिन्ह. एकदा हातातनं गेलेलं असतं तेव्हा माणूस असंच करतं, त्यात तुझं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. मी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, रिपोर्ट घेताना हात थरथरणाऱ्या बायका खूप बघितल्यात, त्यामुळं आधी हे सांगते की तू पाठवलेल्या कागदांत मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. का ते आता सविस्तर सांगते, कारण नुसतं घाबरू नको म्हटल्यानं कुणाची भीती जात नाही, तुझ्या मॅडमनी तेच सांगितलं होतं आणि तू तरीपण लॅबमध्ये गेलीसच की.

तू धरून चाललीयस की बीटा एचसीजी ही एकच एक वस्तू आहे, ती वाढली म्हणजे बाळ चांगलं आणि कमी झाली म्हणजे बाळाला काहीतरी झालं. जवळजवळ सगळेच असं धरून चालतात, रिपोर्टवर एकच आकडा छापलेला असतो तर दुसरं काय वाटणार. पण एचसीजी म्हणून जे मोजतात ते एका हार्मोनची बरीच रूपं असतात आणि दिवस जातील तसं त्यांचं प्रमाण बदलत जातं. मूळ हार्मोन दोन साखळ्यांचं असतं, अल्फा आणि बीटा. अल्फा साखळी थायरॉईडच्या टीएसएचमध्ये आणि एलएच, एफएसएच या हार्मोन्समध्ये पण तीच असते, म्हणून ओळख पटवायची ती बीटावरून. १९७२ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ वैटुकाइटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त बीटा पकडणारी रक्ताची टेस्ट बसवली आणि तिथनं हे नाव पडलं ते आज आपल्या गल्लीतल्या लॅबच्या फलकावर पण आहे. त्याच्या आधी १९२८ च्या सुमाराला बर्लिनला आशहाइम आणि झोंडेक हे बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून मग तिची अंडकोशं बघायचे.

या दोन साखळ्यांवर साखरेच्या आठ फांद्या लागलेल्या असतात, रेणूच्या एकूण वजनात जवळजवळ तिसरा हिस्सा या साखरेचाच. अगदी सुरुवातीला, म्हणजे गर्भ पिशवीत रुजत असतो त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जे एचसीजी बनतं त्याच्या फांद्या जास्त मोठ्या असतात, त्याला हायपरग्लायकोसायलेटेड एचसीजी म्हणतात. पिशवीच्या अस्तरात शिरणाऱ्या सायटोट्रोफोब्लास्ट पेशी ते बनवतात आणि रुजण्याच्या कामात त्याचा मोठा हात असतो. त्या दिवसांत आकड्यातला मोठा वाटा याचाच. मग वारेचं बाहेरचं आवरण तयार होत जातं, त्या पेशी नेहमीचं एचसीजी बनवायला लागतात, आणि पहिली तिमाही संपता संपता ते पहिलं मोठ्या फांद्यांचं रूप अगदी थोडंच उरतं. नेहमीच्या एचसीजीचं सुरुवातीचं मुख्य काम म्हणजे अंडकोशातल्या कॉर्पस ल्युटियमला, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर तिथं उरते त्या गाठीला, जिवंत ठेवायचं, म्हणजे ती गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन देत राहते. सात ते दहा आठवड्यांच्या दरम्यान ते काम वार स्वतः हातात घेते. म्हणजे ज्या कामासाठी एवढं एचसीजी लागत होतं ते काम तुझ्या शरीरानं आता दुसरीकडं सोपवलेलं आहे, आणि म्हणूनच आठ ते अकरा आठवड्यांत शिखर गाठून आकडा उतरायला लागतो, वीस आठवड्यांपर्यंत बराच खाली येतो आणि मग त्या खालच्या पातळीवरच राहतो. तुला जे दिसलं ते हेच असणार. नऊ ते बारा आठवड्यांसाठी सहसा जो तक्ता दाखवतात त्यात २५,७०० पासून २,८८,००० पर्यंत सगळं नॉर्मल धरलेलं आहे, तुझे दोन्ही आकडे त्याच्या मधोमध आहेत, पण रात्री अकरा वाजता मोबाईलवर हे शोधताना माणसाला फक्त वजाबाकी दिसते.

आता लॅबचं. तुझे दोन रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवून बघितले, खाली बारीक अक्षरात एकावर मेथड लिहिलीय सीएलआयए आणि दुसऱ्यावर ईसीएलआयए, म्हणजे मशीन वेगळं, किट वेगळी. रक्तात अख्खं एचसीजी असतं, एका ठिकाणी कट बसलेलं असतं, सुटी झालेली बीटा साखळी असते, सुटी अल्फा असते आणि ती अल्फा तर शेवटपर्यंत वाढतच जाते. कुठली किट यातलं काय काय आणि किती पकडते ते कंपनीगणिक वेगळं. आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा होताना एकानं फक्त अख्खे रवे मोजले आणि दुसऱ्यानं फुटलेले तुकडे पण वजनात धरले तर एकाच गाडीचे दोन आकडे येणार, आणि दोघंही खरं बोलत असणार, तसंच हे आहे. ही अडचण जगभर आहे, म्हणून तर एचसीजीच्या सहा वेगवेगळ्या रूपांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळे मोजमापाचे नमुने ठरवलेत. माझं तर स्पष्ट मत आहे की ही टेस्ट काय काय मोजते ते रिपोर्टवर आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे, आणि काउंटरवरच्या माणसानं विचारायला पाहिजे की आधी कुठं केली होती. तोपर्यंत तुझ्यासारख्या बाकीच्या मुलींनी एवढं लक्षात ठेवा की दोन आकड्यांची तुलना करायचीच असेल तर लॅब तीच पाहिजे. आणि केसांसाठी बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना तसं सांगा, काही मशीनवर त्यानं आकडा खोटा कमी येतो.

फिकट लाईनचं मात्र मला नीट सांगायचंय, कारण या एका गोष्टीनं कितीतरी मुली विनाकारण रडतात. एचसीजी लघवीत उतरताना किडनीत त्याचे तुकडे होतात आणि त्यातला एक तुकडा, बीटा कोअर फ्रॅगमेंट, हा पाचव्या-सातव्या आठवड्यानंतर लघवीतलं सगळ्यात जास्त असणारं रूप होतो. रक्तात तो नावालाच असतो, लघवीत मात्र अख्ख्या एचसीजीच्याही पुढं जातो. किटवर एचसीजीला पकडणाऱ्या दोन अँटिबॉडी असतात, एक पट्टीवर बसवलेली आणि एक रंगाची, आणि दोघींनी एकच रेणू दोन बाजूंनी धरला तरच टी च्या जागी लाईन उठते. काही किटमध्ये होतं असं की एक अँटिबॉडी त्या तुकड्याला धरते आणि दुसरीला तो ओळखूच येत नाही. तुकडे एवढे असतात की पहिलीच्या सगळ्या जागा तेच अडवून बसतात, अख्ख्या एचसीजीला जागा मिळत नाही आणि लाईन फिकट पडते, कधीकधी तर उठतच नाही, आणि बाळ आत छान असतं. अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या अॅन ग्रोनोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं, ते पण हॉस्पिटलात वापरतात त्या किटवर. म्हणजे पोटुशी आहे हे पक्कं माहीत असलेल्या बाईची पण टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. त्यात सकाळची पहिली लघवी सगळ्यात दाट, सुरुवातीला तीच चांगली म्हणून सांगतात, पण आता या दिवसांत तीच जास्त फसवते. आणि एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी ही किट हो का नाही एवढंच सांगायला केलेली आहे, दिवस गेलेत का नाहीत. तुझं उत्तर सहा आठवड्यांपूर्वीच आलंय. लाईनीच्या रंगावरून बाळ कसं आहे ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या खिडकीतल्या किट आजच काढून टाक.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का, तर आहे, आणि हे मी इतर वाचणाऱ्यांसाठी पण लिहिते. सोनोग्राफीत काही दिसत नसतं त्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत बीटा खूप कामाचा असतो. तेव्हा ४८ तासांच्या अंतरानं, त्याच लॅबमध्ये, दोनदा करून डॉक्टर बघतात. पहिला आकडा १५०० च्या आतला असेल तर दोन दिवसांत निदान ४९ टक्के तरी वाढ अपेक्षित असते, दुप्पट झालाच पाहिजे असं नाही, दुप्पट न झाल्यामुळं हाय खाल्लेल्या कितीतरी बायकांची पुढं सुखरूप बाळंतपणं झालीत. वाढ अगदीच रेंगाळली तर गर्भ नळीत तर नाही ना ते बघावं लागतं, आणि ते जिवावर बेतू शकतं, तिथं एक दिवसाचा पण उशीर नको. एका बाजूला ओटीपोटात सणक, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, अंगावरून रक्त जाणं, यातलं काही झालं तर किट नको, गुगल नको, रात्रीचे दोन वाजले असले तरी उठा आणि आपल्या डॉक्टरकडं नाहीतर सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात जा. मिसकॅरेजनंतर पण हार्मोन अंगातनं उतरायला काही आठवडे लागतात, तेवढे दिवस किट पॉझिटिव्ह येत राहते, आणि ज्यांना ट्रीटमेंटमध्ये एचसीजीचं इंजेक्शन दिलेलं असतं त्यांनी घाई करून टेस्ट केली तर इंजेक्शनचीच लाईन दिसते. पण एकदा पिशवीत ठोके दिसले की आकड्याचं काम संपतं. तुझे दोनदा दिसलेत.

मागच्या खेपेचं तू एकाच ओळीत लिहिलंयस आणि पुढं गेलीस, पण मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीवरच उभं आहे. तेव्हा आकड्यानं आधी सांगितलं आणि मग ते घडलं, म्हणून तुझ्या मनानं घेतलंय की आकड्यावर नजर ठेवली तर यावेळी वेळेत काहीतरी करता येईल. बाळ, तेव्हा पण करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याच्या आसपास मिसकॅरेजमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, तो गर्भ तयार होतानाच ठरलेला असतो, तू जिना चढलीस म्हणून, स्कूटीवर बसलीस म्हणून, पपई खाल्लीस म्हणून झालेलं नसतं. बीटाचा आकडा हे घडताना दाखवतो, अडवत नाही. म्हणून तू स्वतःला एक विचारून बघ, उद्या तिसऱ्यांदा बीटा केला आणि ६०,००० आला तर मी काय करणार आहे? सोनोग्राफीच ना? आणि ९०,००० आला तर? तरी तुझी भीती चार दिवसांनी परत येणार आणि तू परत सोनोग्राफीचीच वाट बघणार. दोन्हीकडनं तिथंच जायचं असेल तर मधली सुई कशाला.

सोनोग्राफी तर तुझी आलीच आहे जवळ. अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवस, या मधल्या काळातच एनटी स्कॅन करतात, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी, आणि त्याच्याबरोबर डबल मार्कर ही रक्ताची टेस्ट. या तारखा चुकवू नको, तू आता त्याच्या तोंडाशीच आलीयस, उद्याच मॅडमना फोन करून दिवस ठरव. आणि इथं तुला आत्ताच सावध करते, डबल मार्करमध्ये जे मोजतात ते फ्री बीटा असतं, म्हणजे सुटी झालेली बीटा साखळी, तुझ्या आधीच्या आकड्यांपेक्षा वेगळं रूप, एककं पण वेगळी, आकडा एकदम छोटा दिसेल. १,३२,००० वरून एवढ्यावर आलं म्हणून तिथंच लॅबच्या पायरीवर मटकन बसू नकोस. तो आकडा पॅप-ए नावाच्या दुसऱ्या प्रोटीनबरोबर, तुझ्या वयाबरोबर आणि एनटीच्या मापाबरोबर धरून वाचायचा असतो, आणि त्यातनं निघतं ती फक्त शक्यता, निदान नाही. डाऊन सिंड्रोममध्ये फ्री बीटा सरासरीपेक्षा जास्त आणि पॅप-ए कमी असण्याकडं कल असतो, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टमध्ये हाय रिस्क लिहून आलं तरी पुढच्या तपासण्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढं काही निघत नाही.

तुझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या म्हणे की आकडा एवढा मोठा म्हणजे मुलगी. आकड्यावरून ते कुणालाही सांगता येत नाही, आणि कुणी सांगायला लागलं तर १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तो विषय घरात वाढू देऊ नकोस. तुझा टीएसएच ०.४ आलाय ते पण तू लाल पेनानं गोल करून पाठवलंयस. एचसीजी आणि टीएसएच भावंडांसारखे दिसतात ना, त्यामुळं या दिवसांतलं वाढलेलं एचसीजी थायरॉईडला थोडं ढकलतं आणि टीएसएच आपोआप खाली येतो, पहिल्या तिमाहीत हे नेहमी दिसतं. मॅडमना दाखवून ठेव, स्वतःहून कुठली गोळी चालू किंवा बंद करू नकोस. मळमळ पण बहुतेकींची या सुमाराला उतरायला लागते. आता पांढऱ्या रश्श्याचा वास सहन होत असेल तर घे वाटीभर, अंगात ताकद यायला हवी.

पुण्याला जायचं म्हणतेस, तर दुसरं मत घेण्यात वाईट काही नाही, पण कारण काय ते बघ. मॅडम तुझं ऐकून घेत नसतील, प्रश्न विचारले की चिडत असतील तर डॉक्टर जरूर बदल, इथंच कोल्हापुरात चांगले डॉक्टर आहेत. पण पत्रावरून तरी तसं वाटत नाही, मॅडमना तू गुपचूप केलेल्या टेस्टबद्दल सांगितलंच नाहीस, मग त्या तरी काय समजावणार. दोन्ही रिपोर्ट घेऊन जा आणि सरळ सांग की मागच्या वेळेमुळं मला भीती वाटते, मला दोन व्हिजिटच्या मध्ये एकदा नुसते ठोके ऐकवता का. बारा आठवड्यांच्या पुढं साध्या डॉपलरवर ते मिनिटभराचं काम असतं आणि माझ्या माहितीतल्या कितीतरी डॉक्टर तेवढं आनंदानं करतात. फक्त ऑनलाईन मिळतं ते घरचं डॉपलर मागवू नकोस, हात नीट बसला नाही की ठोके सापडत नाहीत आणि मग तुझी ती रात्र किटपेक्षा वाईट जाईल.

राहिलं घरातलं. सासूबाईंना सांग की टेस्टला काढतात ते चमचाभर रक्त माझं असतं, बाळाचं रक्त वेगळं, त्याला काही लागत नाही. पण त्यांच्या बोलण्यातली काळजी पण ऐक. मागच्या वर्षी त्यांचंही नातवंड गेलं, त्यांच्या वेळी बायका हे कुणाशी बोलायच्या नाहीत, आत ठेवायच्या, आणि मग ते असं रागाच्या सुरात बाहेर पडतं. नवऱ्याला मात्र आजच सांग. तू लिहिलंयस की तो ओरडेल, पैसे गेले म्हणेल. म्हणेलही एखादेवेळेस. पण लपवलंस तर एवढी भीती तू एकटीच वाहणार, आणि त्याला पण मागचं आठवत असणार, फौंड्रीतून दमून आल्यावर तो बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही असं धरू नको. पैशाचा हिशोब आधी मांडू नको, भीतीचं आधी सांग. जेवणं झाली की दोघंच रंकाळ्यावर चक्कर मारायला जा, घरात सगळ्यांसमोर हे बोलणं व्हायचं नाही. आणि एनटी स्कॅनच्या दिवशी त्याला अर्धा दिवस सुट्टी काढायला लाव, स्क्रीनवर ठोके बघताना तो शेजारी असू दे. स्कॅन झालं की ठोके, बाळाची लांबी आणि एनटी हे तिन्ही तिथल्या तिथं विचारून घे, मोबाईलवर टाईप करून ठेव, आणि डबल मार्करचा रिपोर्ट मॅडमच्या समोर बसूनच उघड.